फॉलोअरशी नातं जुळतं म्हणजे नेमकं काय होतं?

दरवर्षी जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. मागे एकदा तिथे गुलाबांच्या मांडणीपाशी उभी होते, तर साठीच्या एक बाई थेट समोर आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा कढीपत्ता वाचला का हो शेवटी? आणि सासूबाईंचा गुडघा कसा आहे आता?" मी "बरा आहे" म्हटलं खरं, पण ह्या कोण ते काही केल्या आठवेना. सासरकडच्या असाव्यात म्हणून मनातल्या मनात लग्नाचे फोटो चाळू लागले. माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "तुम्ही नाही ओळखणार मला. मी नुसती वाचते."

गच्चीवरच्या बागेबद्दल मी गेली काही वर्षं फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर लिहिते. त्या बाईंना माझी गच्ची कोणत्या दिशेला आहे, मिलीबग कुठल्या जास्वंदीवर पडला होता, सासूबाईंचं ऑपरेशन कधी झालं, सगळं ठाऊक होतं. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. "फॉलोअरशी नातं कसं जोडायचं" असं मला बरेच जण विचारतात. कोणी घरगुती मसाले विकतं, कोणी गाणं शिकवतं, कोणी कविता लिहितं. त्यांना युक्त्या हव्या असतात. मी सुरुवात मात्र ह्या तिरक्या ओळखीपासून करते, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं.

ह्या तिरक्या ओळखीला समाजशास्त्रात नाव आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ आणि टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल एक निबंध लिहिला. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे बघून बोलतो, रोज ठरल्या वेळी घरात येतो, त्याच्या सवयी आपल्याला पाठ होतात. हळूहळू तो आपल्या ओळखीचा वाटायला लागतो, आणि त्याला मात्र आपण आहोत हेसुद्धा माहीत नसतं. ह्याला त्यांनी 'पॅरासोशल' संबंध म्हटलं. मराठीत आपण एकतर्फी ओळख म्हणू. ही ओळख खोटी असते किंवा असं वाटणारी माणसं भाबडी असतात, असं मला मुळीच वाटत नाही. त्या बाईंनी गुडघ्याची चौकशी केली ती मनापासूनच केली होती. ओळखीची वाट तेवढी एकाच दिशेची होती.

आपल्याकडे हे सगळ्यात ठळक दिसलं ते रेडिओवर. अमीन सयानींनी १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू केली. "बहनों और भाइयों" हे शब्द कानावर पडले की लाखो घरांतल्या माणसांना वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय. पत्रांचे ढीग पडायचे. विविध भारतीवर फर्माइशीच्या गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचायचे आणि झुमरी तिलैया हे तेव्हाच्या बिहारमधलं गाव देशभर माहीत झालं ते निव्वळ तिथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. त्या लोकांना ते गाणं एरवी ऐकायला मिळालंच नसतं असं नाही. त्यांना आपलं नाव निवेदकाच्या तोंडून ऐकायचं होतं. पलीकडच्या माणसाला आपण आहोत हे कळलं, याची ती पावती होती.

तेव्हा आणि आता यात एकच मोठा फरक पडला, पण त्याने सगळं बदललं. तेव्हा परतीची वाट अरुंद होती: पोस्टकार्ड लिहा, पेटीत टाका, वाट बघा. उत्तर आलं नाही तर कोणी मनाला लावून घेत नसे, कारण इतक्या पत्रांत आपलं कुठे वाचणार, हे ज्याला त्याला माहीत होतं. आता कमेंटची चौकट पोस्टच्या खालीच आहे. आपण ऑनलाइन आहोत हे समोरच्याला दिसतं. आपण दुसऱ्या कोणाला उत्तर दिलं हेही दिसतं. त्यामुळे आता उत्तर न देणं हेही उत्तरच ठरतं. ओळख अजूनही एकतर्फीच सुरू होते, पण परतीची वाट उघडी असल्यामुळे तिच्यावरून कोणी येतंय का, हे माणूस बघत बसतो. नातं जोडणं म्हणजे त्या वाटेवर आपण स्वतः चालणं.

यंत्र काय मोजतं

मधे एक यंत्र बसलंय, त्याबद्दल थोडं समजून घ्यायला हवं. तुमची पोस्ट तुमच्या सगळ्या फॉलोअरना दिसत नाही. कोणाला काय दाखवायचं हे प्रत्येक कंपनीची क्रमवारीची पद्धत ठरवते आणि ती बदलत राहते. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि आवड मोजता येऊ लागली. २०१८ च्या जानेवारीत मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे पेज आणि बातम्यांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना, आणि ज्यांवर माणसं एकमेकांशी बोलतात अशा पोस्टना, जास्त जागा मिळेल. अर्थपूर्ण संवाद वाढावा, असा हेतू त्यांनी सांगितला होता.

हेतू चांगला होता. पण यंत्राला कमेंट मोजता येते, कमेंटमधला सूर समजतोच असं नाही. भांडणातही माणसं एकमेकांशी बोलतातच. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा कळलं की २०१७ पासून साध्या लाइकपेक्षा इमोजीच्या प्रतिक्रियेला पाचपट वजन दिलं जात होतं, आणि त्यात रागावलेला चेहराही होता. २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणावं लागलं होतं.

मी हे माझ्या पेजवर अनुभवलं. "रासायनिक खत वापरणारे मातीचे मारेकरी आहेत का?" असं एकदा मुद्दाम टोचणारं शीर्षक दिलं. रात्रभर कमेंटचा पाऊस पडला आणि पोस्ट कुठच्या कुठे पोचली. मी खूश झाले होते. पुढचा आठवडाभर मात्र नेहमीच्या मंडळींपैकी कोणी प्रश्नच विचारेना. एका मुलीने खासगीत लिहिलं, "ताई, मी युरिया घातला होता म्हणून विचारायची लाज वाटली." आकडा वाढला होता आणि विचारण्याची जागा गेली होती. ते शीर्षक मी काढून टाकलं.

उलट बाजूचाही एक संकेत आहे, तो मला फार आवडतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं की रील किती वेळ पाहिली जाते आणि तिला किती लाइक मिळतात, याच्या जोडीला ती किती जण दुसऱ्याला पाठवतात हेही महत्त्वाचं धरलं जातं, विशेषतः नव्या लोकांपर्यंत पोचण्यासाठी. पाठवणं म्हणजे काय? एखादीने माझा तुळशीचा व्हिडिओ पाहिला आणि तिला आत्याची आठवण झाली, कारण आत्याच्या तुळशीला मंजिऱ्या येऊन ती वाळत चालली आहे. तिने तो आत्याला पाठवला. त्या क्षणी मी त्या दोघींच्या नात्यात थोडीशी उपयोगी पडले. पोस्ट लिहिताना मी आता हाच प्रश्न स्वतःला विचारते: हे कोण कोणाला पाठवेल?

"कमेंटमध्ये 'होय' लिहा", "तीन मैत्रिणींना टॅग करा" असल्या मागण्यांबद्दल फार लिहीत नाही. फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच अशा पोस्ट मागे ढकलायचं जाहीर केलं होतं, आणि तसं नसतं तरी घरी आलेल्या पाहुण्याकडून आपण अशी हजेरी घेत नाही.

पिवळी पानं

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. कोणीतरी लिहितं, "ताई, कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत, काय करू?" ह्याला तीन तऱ्हांनी उत्तर देता येतं.

पहिली तऱ्हा म्हणजे हात जोडलेला इमोजी आणि "धन्यवाद". हे उत्तर दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. दुसरी तऱ्हा म्हणजे तयार नुस्खा: "आंबट ताक घाला." आपल्याकडे बहुतेक घरांत हेच सांगतात, अनेकदा उपयोगही होतो. तिसऱ्या तऱ्हेत मी आधी उलट विचारते. खालची जुनी पानं पिवळी पडतायत की शेंड्याची नवी? नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं आहे का? कुंडी केवढी आहे? माती ओली राहते का? थंडीचे दिवस आहेत का?

हे प्रश्न विचारायला कारण आहे. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत असण्याची शक्यता मोठी. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बघावं लागतं. सगळंच झाड मलूल आणि माती चिकचिकीत असेल तर मुळांना हवा मिळत नाहीये. आणि थंडीत कढीपत्ता एरवीही थोडी पानं टाकतो, तेव्हा काहीच न करणं उत्तम. सरसकट "ताक घाला" म्हटलं असतं तर चिकचिकीत कुंडीत अजून ओल गेली असती.

सांगलीच्या एका वाचकाशी माझं असंच बोलणं झालं. त्यांनी फोटो पाठवला, मी म्हटलं, "दादा, कुंडी जरा उचलून तळाचं भोक बघा." भोकावर ठेवलेली फुटकी खापरी सपाट बसली होती, पाणी जायला जागाच नव्हती. त्यांनी कुंडी बदलली. तीन आठवड्यांनी एक फोटो आला, शेंड्याला नखाएवढी तांबूस-हिरवी पालवी. खाली एवढंच लिहिलं होतं: "आई म्हणते, बाईंना सांग."

हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये जवळीक कशी तयार होते याची एक मांडणी केली. सोप्या शब्दांत सांगायचं तर, मी काही बोलले आणि समोरच्याच्या उत्तरातून मला तीन गोष्टी जाणवल्या, की याला माझं म्हणणं कळलं, याला ते मोलाचं वाटलं आणि याला माझी काळजी आहे, तर जवळीक वाढते. किती बोललो याला त्यात फारसं महत्त्व नाही. उत्तर माझ्यासाठीच होतं ना, हे महत्त्वाचं. "भोक बघा" हे एका ओळीचं उत्तर आहे, पण ते त्या एकाच कुंडीसाठी होतं.

म्हणूनच, "कमेंटमध्ये 'बाग' लिहा, लिंक मेसेजमध्ये येईल" असली आपोआप जाणारी उत्तरं मी लावत नाही. माहितीपत्रक पाठवायला ती सोय ठीक आहे. पण त्या यंत्राला "कशा आहात ताई, तुमचा संदेश पाहून खूप आनंद झाला" असं बोलायला लावणं मला पटत नाही. ज्याने खरोखर काही सांगायला लिहिलं होतं, त्याला ते वाचून काय वाटत असेल?

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे वही. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. त्यात गाव, उन्हाची दिशा, कुठलं झाड, काय अडचण, काय सांगितलं हे एका ओळीत लिहिते. पुन्हा त्या माणसाने लिहिलं की वही बघून विचारते, "त्या लिंबाला फुलं धरली का?" माझी स्मरणशक्ती काही अफाट नाही, पण लक्षात ठेवायचं ठरवलंय. मात्र वहीतलं खासगी काही चारचौघांत, म्हणजे कमेंटमध्ये, कधी काढायचं नाही.

दीडशेच्या पुढे

हे सगळं किती जणांशी जमेल? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणूस साधारण १५० जणांशी खरी ओळख टिकवू शकतो, आणि पुढे हेही मांडलं की त्यात अगदी जवळचे पाचेक, मग पंधरा, मग पन्नास अशी वर्तुळं असतात. नेमक्या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण मर्यादा आहे, हे लग्नाच्या आमंत्रणाची यादी करणाऱ्या कुणालाही पटेल. फॉलोअर हजारोंनी असतील तर प्रत्येकाशी नातं जोडणं अशक्य आहे, आणि तसं भासवणं अप्रामाणिक.

मग करायचं काय? मला उत्तर सापडलं ते आजारपणामुळे. आठ दिवस तापाने पडले होते, उत्तरं देता आली नाहीत. बरी होऊन पाहिलं तर लोकांनी एकमेकांना उत्तरं दिली होती, आणि काही माझ्यापेक्षा चांगली होती. कुंडीत पाणी साचतं म्हणणाऱ्या एकीला रत्नागिरीच्या काकांनी जांभ्याचे बारीक खडे तळाला कसे घालावेत आणि किती घालू नयेत ते लिहिलं होतं. नागपूरच्या ताईंनी मे महिन्यात हिरवी जाळी कधी लावायची ते सांगितलं होतं. तिथल्या उन्हाचं मला पुण्यात बसून काय कळणार? आणि न्यू जर्सीतल्या एका मराठी मुलीने कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात घरात घेऊन दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची सगळी रीत दिली होती.

तेव्हापासून शनिवारी मी एक वाचकाचाच प्रश्न लावते आणि संध्याकाळपर्यंत गप्प राहते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नवी माहिती, नोकरीची खबर वगैरे, आपल्याला अगदी जवळच्यांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त मिळते, कारण जवळच्यांना बहुधा आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. पेजवर जमलेली माणसं एकमेकांसाठी अशीच दूरची ओळख असतात. त्यांची गाठ घालून दिली की नातं माझ्यावर अवलंबून राहत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बियांची देवाणघेवाण करतो. भेंडी, दोडका, गोकर्ण अशा पुड्या कागदात बांधून, वर गाव आणि वर्ष लिहून. त्या दिवशी मी फक्त चहाचं बघते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ जण घेता येतात. मी साठावर थांबते आणि भागानुसार वेगळे करते. साठात माणूस विचारायला धजतो.

न बोलणारे

आता पुन्हा त्या "मी नुसती वाचते" म्हणणाऱ्या बाई. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ ठोकताळा मांडला: शंभरांतले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक जण सतत लिहितो. आकडे जागेप्रमाणे कमीजास्त होतात, पण बहुसंख्य गप्प असतात हे खरंच. "लाइक करत नाही तो माझा वाचक नाही, उद्या सगळ्यांना काढणार" अशा पोस्ट दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं. गप्प राहणाऱ्याला टायपिंग जमत नसेल, सुनेचा फोन असेल, आपलं शुद्धलेखन चुकेल ही भीती असेल. मी आता बोलून पाठवलेला संदेशही चालेल असं दर महिन्याला लिहिते. त्यातून आजी-आजोबांचे आवाज येऊ लागले. त्यांच्या आवाजात मागे कुकरची शिट्टी असते, नातवंडं असतात, आणि ज्ञान अफाट.

विश्वासाबद्दल एक चूक सांगायलाच हवी, माझीच. एका खत कंपनीने फुकट पिशवी पाठवली, मी ते वापरलं, चांगलं वाटलं आणि तसं लिहिलं. फुकट मिळालं हे लिहिलं नाही. एका वाचकाने विचारलं, "ताई, विकत घेतलंत की आलं?" त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागला. दुसऱ्या दिवशी सगळं खरं लिहिलं. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: पैसे, भेटवस्तू, फुकट माल, काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगायचं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण माझ्यासाठी दंडापेक्षा ते "ताई" मोठं होतं. ताई म्हणणारा माणूस भाव करत नाही, तपासून बघत नाही, सांगितलं ते आणतो.

ह्याच "ताई"ची दुसरी बाजूही आहे. एकतर्फी ओळख कधी कधी हक्कात बदलते. रात्री साडेबाराला फोन, "तुम्ही माझ्या मेसेजला उत्तर दिलं नाहीत, तिला दिलंत", घराचा पत्ता मागणं. बायकांना हे जास्त सोसावं लागतं. मी उत्तर द्यायची वेळ ठरवून वर लिहून ठेवली आहे, घराबाहेरचा रस्ता फोटोत येऊ देत नाही, आणि त्रास देणाऱ्याला ब्लॉक करताना अपराधी वाटून घेत नाही. तर कधी एखादे आजोबा गुलाबाबद्दल विचारता विचारता लिहितात की हा गुलाब तिने लावला होता, आता ती नाही. तिथे मी खत सांगत नाही, ऐकते. अशा संदेशाची कधीही पोस्ट करत नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. कोणी फारच खचलेलं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देते, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारते, कारण मी काही डॉक्टर नाही.

एम्प्रेस गार्डनमधल्या त्या बाईंशी त्या दिवशी बाकावर बसून अर्धा तास बोलले. घरी येऊन वहीत लिहिलं: "वारजे. तळमजला. सकाळी तासभर ऊन, मग सावली. कढीपत्ता तीनदा लावला, तीनदा गेला. विड्याचा वेल द्यावा." पुढच्या पावसाळ्यात बियांच्या भेटीला त्या आल्या तेव्हा मुळं धरलेली एक कांडी त्यांना दिली. गेल्या महिन्यात पेजवर त्यांची पहिली कमेंट आली. खिडकीच्या गजावर चढलेला वेल, आणि खाली: "पहिलं पान ह्यांना लावून दिलं. चुना जास्त झाला म्हणाले."

मी लगेच विचारलं, वेलाला आधार कशाचा दिलाय?